पॉइंट बदलले, कंडेन्सर बदलला, कॉइल बदलली, तरी जुनी गाडी परत परत बंद पडतेय?

जुनी गाडी म्हणजे इथे मी पॉइंट-कंडेन्सरवाली धरतोय, म्हणजे जिच्यात पॉइंट नावाचा छोटा यांत्रिक स्विच करंट जोडतो-तोडतो आणि कॉइल त्यातून स्पार्कचे हजारो व्होल्ट तयार करते, कार्ब्युरेटर, चार सिलेंडर, १२ व्होल्ट. तक्रार अशी की सकाळी एका सेल्फमध्ये चालू होते, वीस-पंचवीस मिनिटं मस्त पळते आणि मग कुणीतरी चावी फिरवल्यासारखं इंजिन गप्प. बाजूला घेऊन अर्धा तास थांबलं की काही झालंच नाही अशी परत चालू. माझ्या गाडीला हा त्रास सात महिने होता, आणि त्या सात महिन्यांत प्रत्येक वेळी मला वाटलं की आता सापडलं, कारण पार्ट बदलला की गाडी आठ-दहा दिवस खरंच नीट चालायची. ते आठ-दहा दिवस का चालायची याचं उत्तर मिळालं तेव्हाच दोष मिळाला, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय, ज्यांची गाडी आत्ता अशीच रस्त्याकडेला उभी असेल त्यांना उपयोग होईल.

सगळ्यात आधी ठरवायचं की दोष पेट्रोलचा की करंटचा. इथेच बहुतेकांचे महिने जातात कारण "गरम झाली की बंद पडते" ही तक्रार दोन्हीकडे सारखीच. पण बंद पडायची पद्धत वेगळी असते. पेट्रोल कमी पडलं की गाडी आधी सांगते, ओढ कमी होते, आचके देते, ॲक्सिलरेटर पंप केला की थोडी सावरते आणि मग मान टाकते. करंट गेला तर एका क्षणात जातो. गाडीत कॉइलवरून चालणारा इलेक्ट्रॉनिक टॅकोमीटर (इंजिनचे आरपीएम दाखवणारा काटा) असेल तर फारच सोपं, गाडी अजून गिअरमध्ये घरंगळतेय, म्हणजे चाकं इंजिनला फिरवतायत, तेवढ्यात काट्याकडे बघा. इंजिन फिरत असूनही काटा धपकन शून्यावर आला तर कॉइलची प्रायमरी, म्हणजे १२ व्होल्टची बाजू तुटलीय, म्हणजे चावी, वायरिंग, पॉइंट यांपैकी काहीतरी. काटा वेगाबरोबर हळूहळू उतरला तर प्रायमरी चालू आहे, मग पेट्रोल किंवा हाय टेन्शनकडे, म्हणजे कॉइलपासून प्लगपर्यंतच्या हजारो व्होल्टच्या बाजूकडे बघा. केबलवर चालणाऱ्या टॅकोमीटरला अर्थातच हे लागू नाही.

दुसरं म्हणजे डिकीत एक जादा प्लग आणि क्लिपवाली वायर कायम ठेवा. गाडी बंद पडल्या पडल्या, गार व्हायच्या आत, कॉइलमधून निघणारी जाड वायर डिस्ट्रिब्युटरच्या (प्रत्येक प्लगला पाळीने स्पार्क वाटणारा भाग, पॉइंटही यातच असतात) कॅपमधून काढून त्या प्लगला लावायची, प्लगची बॉडी क्लिपने इंजिनला अर्थ करायची आणि कुणालातरी सेल्फ मारायला सांगायचं. निळसर, कडक, टक टक आवाज येणारा स्पार्क पडला तर कॉइलपर्यंत सगळं ठीक. बारीक पिवळसर पडला तर कमजोर, पडलाच नाही तर इग्निशन नक्की. एक लक्षात ठेवा, उघड्या हवेत स्पार्क सहज उडतो, सिलेंडरमध्ये दाबाखालच्या हवेत त्याला खूप जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून बाहेर जेमतेम पडणारा स्पार्क आत पडेलच असं नाही. मी टेस्टच्या प्लगची गॅप मुद्दाम मोठी करून ठेवलीय. हे करताना वायर हातात धरायची नाही, आसपास सांडलेलं पेट्रोल नको, आणि पेसमेकर असलेल्या माणसाने या कामात हात घालू नये.

आता आत काय चालतं ते थोडं समजून घ्या, कारण ते कळलं की अंदाजाने पार्ट बदलायची वेळच येत नाही. ही बॅटरीवर चालणारी पद्धत चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या आसपास आणली आणि नंतर कितीतरी दशकं साध्या गाड्यांत तीच चालली. पॉइंट मिटलेले असतात तेव्हा कॉइलच्या प्रायमरीतून तीन-चार ॲम्पिअर करंट वाहतो आणि कॉइलमध्ये चुंबकीय क्षेत्र तयार होतं. डिस्ट्रिब्युटरमधला कॅम पॉइंट उघडतो, करंट तुटतो, क्षेत्र कोसळतं आणि सेकंडरीत, म्हणजे कॉइलच्या दुसऱ्या गुंडाळीत, हजारो व्होल्ट तयार होऊन प्लगला स्पार्क मिळतो. करंट तुटताना पॉइंटवरच ठिणगी उडायला बघते, ती कंडेन्सर पिऊन टाकतो, म्हणूनच क्षेत्र झटक्यात कोसळतं. चार सिलेंडरचं इंजिन ३००० आरपीएमवर असेल तर हे सगळं सेकंदाला १०० वेळा होतं. म्हणजे एखादा सांधा जरासा जरी सुटला तरी लगेच जाणवणार.

माझी गाडी पहिल्यांदा बंद पडली तेव्हा मी कंडेन्सर बदलला. चुकीचं काहीच नव्हतं, गरम झाल्यावर दगा देणारा पार्ट म्हणून पहिला संशय त्याच्यावरच घ्यावा. कंडेन्सर आतून तुटला तर पॉइंटवर भरपूर ठिणग्या दिसतात आणि प्लगचा स्पार्क मरतुकडा होतो, शॉर्ट झाला तर स्पार्कच नाही. बहुतेक गाड्यांत तो ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपासचा असतो. रस्त्यावर तपासायची सोपी युक्ती म्हणजे चांगला माहीत असलेला जुना कंडेन्सर जपून ठेवायचा, संशय आला की डिस्ट्रिब्युटरमधला सोडवून हा बाहेरून कॉइलच्या पॉइंटकडच्या टर्मिनलला लावायचा आणि त्याची बॉडी अर्थ करायची, तेवढ्यावर गाडी घरी येते. आणि नवीन पार्ट म्हणजे चांगलाच पार्ट असं धरू नका, डब्यातून काढलेला कोरा कंडेन्सर पहिल्याच दिवशी गेलेला मी पाहिलाय. चालत्या गाडीतून काढलेला जुना पार्ट कधी फेकू नका.

तर कंडेन्सर बदलला, गाडी नऊ दिवस चालली, परत बंद. मग पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही बदलले, दोन आठवडे छान. परत बंद. मग कॉइल. कॉइलचंही सांगतो. नुसत्या १२ व्होल्टच्या कॉइलची प्रायमरी साधारण ३ ओहम भरते, बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलच्या आधी बसवलेला, करंट कमी करणारा रेझिस्टर) असलेल्या सिस्टिमची दीड ओहमच्या आसपास, सेकंडरी काही हजार ओहम. तुमच्या गाडीत बॅलास्ट आहे का हे आधी बघा, कारण दीड ओहमची कॉइल थेट १२ व्होल्टवर लावली तर तीही तापते आणि पॉइंटही जळतात. उलट तीन ओहमची कॉइल बॅलास्टच्या लाइनवर लावली तर स्पार्क कमजोर. गार कॉइल मल्टिमीटरवर बरोबर आली म्हणून ती निर्दोष असं नाही, आतलं इन्सुलेशन गरम झाल्यावर फुटतं आणि ते मल्टिमीटरला दिसत नाही. गाडी बंद पडताक्षणी कॉइलला हात लावून बघा, कोमट-गरम असणं ठीक, हात ठेववत नसेल तर संशय घ्या. आणि टेस्ट करताना इंजिन बंद ठेवून चावी ऑन ठेवू नका, पॉइंट मिटलेले असले की पूर्ण करंट कॉइलमधून जात राहतो आणि चांगली कॉइल आपणच भाजून काढतो.

बॅलास्टवाल्या गाडीत एक लक्षण अगदी ठरलेलं आहे, सेल्फ मारताना इंजिन पकडतं आणि चावी सोडली की लगेच बंद. सेल्फच्या वेळी कॉइलला बॅलास्ट टाळून थेट सप्लाय मिळतो, चावी सोडल्यावर तो बॅलास्टमधून येतो. म्हणजे बॅलास्ट तुटलाय किंवा चावीच्या स्विचचा रनिंगचा कॉन्टॅक्ट गेलाय, बाकी काही उघडायची गरज नाही.

नव्या कॉइलवर माझी गाडी जवळजवळ तीन आठवडे चालली आणि मी सगळ्यांना सांगून मोकळा झालो की कॉइलच होती. मग परत बंद, तेही भर रहदारीत. या वेळी मेकॅनिक म्हणाला पेट्रोलच असणार, मी पण थकलो होतो, कार्ब्युरेटर उघडला, जेट साफ केले, पेट्रोल पंपाचा डायाफ्राम बदलला. दुसऱ्याच दिवशी बंद.

त्या रात्री मी वहीत तारखा मांडल्या आणि तेव्हा डोक्यात आलं. डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडून काही केलं की गाडी आठवडा-दोन आठवडे चालतेय. कॅप न उघडता दुसरं काही केलं की एक दिवसही फरक नाही. कॉइल बदलली तेव्हासुद्धा मी पॉइंटची गॅप बघायला कॅप काढली होती. म्हणजे गाडी पार्ट बदलल्यामुळे सुधारत नव्हती, माझा हात आत कशालातरी लागत होता त्यामुळे सुधारत होती. तुमच्याकडेही प्रत्येक दुरुस्ती "थोडे दिवस टिकते" असं होत असेल तर कृपया पार्टची यादी बाजूला ठेवा आणि तुमचा हात दर वेळी कुठे कुठे लागला त्याची यादी करा.

मग मी एक काम केलं. १२ व्होल्टचा साधा टेस्ट लॅम्प घेतला, त्याला लांब वायर जोडून कॉइलच्या चावीकडच्या टर्मिनलपासून केबिनमध्ये आणला आणि दुसरी बाजू अर्थ. निगेटिव्ह अर्थच्या, म्हणजे बॅटरीचं मायनस बॉडीला जोडलेल्या गाडीत हे टर्मिनल प्लस, काही कॉइलवर एसडब्ल्यू किंवा १५ लिहिलेलं असतं. पॉइंटकडच्या टर्मिनलवर मायनस, सीबी किंवा १. जुन्या ब्रिटिश गाड्या बऱ्याच पॉझिटिव्ह अर्थच्या आहेत, तिथे प्लस-मायनस उलटे धरायचे. चालवताना लॅम्प पेटलेला, गाडी बंद पडली तरी लॅम्प पेटलेलाच. बस, एवढ्यात चावीचा स्विच, फ्यूज, बॅटरीपासून कॉइलपर्यंतची सगळी वायर यादीतून बाद. लॅम्प विझला असता तर दोष तिकडे असता. लॅम्प नुसता मंद झाला तर मात्र मल्टिमीटरने बघायचं, बॅलास्ट नसलेल्या गाडीत पॉइंट मिटलेले असताना बॅटरी आणि कॉइल यांच्यात अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर स्विच किंवा एखादा गंजलेला जोड व्होल्टेज खातोय.

आता गाडी उभी, इंजिन गरम, आणि या वेळी मी कॅपला हात लावला नाही. लॅम्प पॉइंटकडच्या टर्मिनलवर लावला आणि सेल्फ मारायला सांगितलं. पॉइंट नीट चालू असतील तर लॅम्प उघडझाप करतो. अजिबात पेटलाच नाही तर तिथे काहीतरी कायमचं अर्थ झालंय, कंडेन्सर शॉर्ट, पॉइंटचं इन्सुलेटिंग वॉशर चुकीचं बसलंय, नाहीतर वायर बॉडीला टेकलीय. सतत पेटलेला राहिला तर करंटला अर्थपर्यंत जायला वाट नाही, म्हणजे पॉइंट मिटत नाहीत किंवा मध्ये वायर तुटलीय. माझा लॅम्प सतत पेटलेला, सेल्फ फिरतोय आणि लॅम्प ढिम्म. फक्त हा लॅम्प इंजिन चालू असताना या टर्मिनलवर ठेवू नका, तो पॉइंटला समांतर बसतो आणि स्पार्क मारून टाकतो.

मग कॅप काढली, दोन्ही क्लिप सोडून सरळ वर, आत बोटसुद्धा न लावता. पॉइंट मिटलेल्या जागी थांबले होते, टॉर्चच्या उजेडात स्पष्ट दिसत होतं, स्वच्छ राखाडी तोंडं एकमेकांना टेकलेली. पॉइंट मिटलेत आणि तरी बाहेरच्या टर्मिनलवर लॅम्प पेटतोय. लॅम्पचं टोक डिस्ट्रिब्युटरच्या बाहेरच्या टर्मिनलला लावलं, पेटला. तेच टोक आत पॉइंटच्या पत्तीला लावलं, विझलेला. मधे आहे काय तर करंगळीएवढ्या लांबीची वायर, कापडी वेष्टणाची, बाहेरच्या टर्मिनलपासून पॉइंटपर्यंत जाणारी. दिसायला धडधाकट. आइस्क्रीमच्या काडीने तिला हळूच ढकललं तर बाहेरच्या टर्मिनलवरचा लॅम्प विझला, सोडलं तर पेटला.

ही वायर का तुटते ते महत्त्वाचं आहे. व्हॅक्यूम ॲडव्हान्स (इंजिनच्या व्हॅक्यूमवर स्पार्कची वेळ मागे-पुढे करणारी सोय) ज्या गाडीत आहे तिथे पॉइंटची प्लेट स्थिर नसते, ॲक्सिलरेटर कमी-जास्त केला की प्लेट काही अंश पुढे-मागे फिरते आणि ही वायर दर वेळी त्याच जागी वाकते. वर्षानुवर्षं वाकून आतल्या बारीक तारा एकेक करून तुटतात, वरचं वेष्टण शाबूत राहतं. मी नंतर वेष्टण चिरून बघितलं, टर्मिनलच्या जोडापासून जेमतेम एक सेंटिमीटरवर सगळ्या तारा तुटलेल्या, टोकं हिरवी-काळी पडलेली, वेष्टणानेच दोन टोकं समोरासमोर धरून ठेवली होती. गार असताना टेकायची, गरम होऊन इंजिनच्या थरथरीत सुटायची, आणि माझं बोट किंवा फीलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) लागलं की परत काही दिवस घट्ट बसायची. हे बघायची अजून एक पद्धत आहे, व्हॅक्यूमची नळी कार्ब्युरेटरकडून काढून तोंडाने ओढायची, प्लेट फिरते, त्या वेळी पॉइंट मिटलेले असूनही बाहेरच्या टर्मिनलवरचा लॅम्प लुकलुकला तर वायर गेली. प्लेट फिरलीच नाही तर बहुतेक व्हॅक्यूमचा डायाफ्राम फाटलाय, तेही कळतं.

बदलताना तिथे साधी वायरिंगची वायर लावू नका, ती थोड्याच दिवसांत त्याच जागी तुटेल. खूप बारीक आणि खूप संख्येने तारा असलेली, एकदम मऊ वायरच हवी, आणि लांबी अशी की प्लेट दोन्ही टोकांना गेली तरी ताण पडत नाही आणि रोटर (कॅपखाली फिरणारा, स्पार्क वाटणारा तुकडा) किंवा कॅमला घासतही नाही. त्याच वेळी प्लेटची अर्थची छोटी वायर पण बघा, तीही तशीच वाकते आणि तशीच तुटते. ती गेली तर करंट प्लेटच्या बेअरिंगमधून, तेलातून, कसातरी वाट काढतो आणि मिसिंग मारते. पॉइंट मिटलेले, चावी ऑन, मल्टिमीटर पॉइंटकडच्या टर्मिनलपासून बॅटरीच्या अर्थच्या टर्मिनलला लावा, साधारण ०.२ व्होल्टच्या आत यायला हवं. जास्त आलं तर पॉइंटची तोंडं, या दोन वायरी, आणि इंजिनची बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी, एवढंच बघायचं.

बाकीचं थोडक्यात. पॉइंटची गॅप गाडीच्या पुस्तकात असेल तीच, बऱ्याच चार सिलेंडरच्या गाड्यांत ती ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असते, आणि आधी गॅप मग टायमिंग (स्पार्क पडायची वेळ) हा क्रम कधी उलटा करू नका, कारण गॅप कमी झाली की पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग मागे जातं. नव्या पॉइंटच्या तोंडावर गंज लागू नये म्हणून तेलकट थर असू शकतो, स्पिरिटने पुसून कोरा कागद मधून फिरवा. कॅमला ग्रीसचा अगदी छोटा ठिपका द्या, नाहीतर पॉइंटची फायबरची टाच झिजते आणि गॅप आपोआप कमी होत जाते. ड्वेल मीटर (पॉइंट किती अंश मिटलेले राहतात ते दाखवणारा) असेल तर आरपीएम वाढवून बघा, आकडा बराच हलत असेल तर डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट बुशात डुलतोय आणि अशा वेळी गॅप कितीही मन लावून सेट केली तरी टिकत नाही.

कॉइलच्या वायरवर कडक स्पार्क आहे पण प्लगवर नाही, असं असेल तर रोटर आणि कॅप. कॅपच्या आत पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर करंट त्या रेघेवरून पळतोय, घासून जात नाही, कॅप बदला. मधला कार्बनचा ब्रश स्प्रिंगवर वर-खाली होतोय ना ते बघा. रोटरसाठी कॉइलची वायर रोटरच्या मधल्या पितळी पट्टीजवळ, साधारण अर्धा सेंटिमीटर अंतरावर, इन्सुलेटेड पकडीने धरून पॉइंट उघडझाप करायचे, ठिणगी रोटरवर उडत असेल तर रोटर आतून शाफ्टला अर्थ होतोय. चांगल्या रोटरवर जवळजवळ काहीच उडत नाही. अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं तर एचटी वायरींवर (कॉइल आणि प्लगच्या जाड वायरी) निळ्या ठिणग्या फिरताना दिसतात, त्या दिसल्या तर वायरी बदलायच्याच.

पॉझिटिव्ह अर्थची निगेटिव्ह अर्थ करून घेतलेल्या गाडीत कॉइलच्या दोन वायरी अदलाबदल करायच्या राहून जातात. गाडी चालते, पण प्लगच्या मधल्या गरम इलेक्ट्रोडऐवजी बाहेरच्या तुलनेने गार इलेक्ट्रोडकडून ठिणगी निघावी लागते, त्याला जास्त व्होल्टेज लागतं आणि चढावर, पूर्ण ॲक्सिलरेटरवर मिसिंग मारते.

पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवा असं बरेच जण सांगतात. ते चांगलं चालतं, मला विरोध नाही, पण दोष सापडायच्या आधी बसवू नका. चावीचा स्विच व्होल्टेज खात असेल किंवा अर्थ कच्चा असेल तर मॉड्यूलही अडखळणार, आणि ते रस्त्यात गेलं तर फीलर गेजने दुरुस्त होत नाही. बसवलंच तर जुनी पॉइंटची प्लेट, सेट करून, डिकीत ठेवा.

माझ्या गाडीत आत्ता तीच मऊ वायर आहे, प्लेटची अर्थही नवीन, आणि कॉइल मात्र मी जुनीच परत लावलीय, कारण तिच्यात काहीच बिघाड नव्हता. या उन्हाळ्यात एकदा सलग चार तास चालवली, मधे दोनदा मुद्दाम बंद करून गरम इंजिनवर लगेच सेल्फ मारला, दोन्ही वेळा पहिल्याच फेरीत चालू.